खळग्यातला आवा

आश्रुबा कुंभारानं माझा शब्द पायाखाली तुडवला, असं बायनाबाई पाटलीण उठल्या उठल्या घरभर सांगत सुटली. तीन वर्षांमागं त्याचा आवा माळावरून खाली ओढ्याकाठच्या खळग्यात तिनंच न्यायला लावला होता. आणि आता हा बाबा तिला न विचारता पुन्हा माळावर खड्डा खणतोय म्हणे! तहसीलदार गावात आला तरी आधी तिच्या ओट्यावर टेकायचा, आणि एका कुंभाराला एवढी मस्ती?

तिनं ते उगीच केलं नव्हतं. गाव बालाघाटाच्या माथ्यावरचं. वैशाखात माळावरून असा वारा सुटायचा, की मडकी भाजायच्या आव्याचा सगळा धूर तिच्या दारात. वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळी बसली, तशी तिनं चार माणसांत हुकूम सोडला. खळग्यात वारा नाही, धूर जागच्या जागी राहील! ही अक्कल तिनं पुढं वर्षभर ज्याला त्याला ऐकवली.

संक्रांत आठ दिवसांवर आली होती. सुगडांचा आवा आदल्या सांजेला खाली पेटला होता. तांबडं फुटताना घोंगडी पांघरून ती माळ चढली.

"कावून रे आश्रुबा, पाटलीण मेली म्हणून कुणी सांगितलं का तुला?"

कुदळ थांबली. "न्हाई पाटलीणबाई, तुमी शंभर वर्सं जगा."

"मंग खड्डा कुणासाठी? मला पुरायला?"

"आव्यासाठी. खाली दम घेववत न्हाई."

"लई नाजूक झालास की! सारा जलम धुरात गेला तुजा."

"माजं न्हाई वो. जरा मागं वळून बगा."

ती वळली. वर आभाळ धुऊन ठेवल्यासारखं, झाडाचं पान हलत नव्हतं. रात्रीची सगळी थंडी चारी टेकड्यांवरून घरंगळून खळग्यात येऊन बसली होती आणि तिच्या दाबाखाली धूर वर यायचं नाव घेत नव्हता. ओढ्याकाठची कुंभारआळी धुरात वळचणीपर्यंत बुडालेली. तिच्या घराच्या खालच्या पायरीशी मात्र धूर थांबलेला. वर सगळं लख्ख.

"कासराभर दिवस वर येईस्तवर असंच असतंय," आश्रुबा म्हणाला. "उन्हाळ्याचा वारा बगून तुमी जागा दिली. हिवाळ्यात वाराच न्हाई."

तेवढ्यात धुरातून त्याची बायको साखराबाई वर आली. पाठीवर सासू, दगडाबाई. गावची सुईण. पाटलिणीची पाचही बाळंतपणं तिनं केलेली. प्रत्येक श्वासाला म्हातारीच्या छातीत शिट्टी वाजत होती. हिवाळ्यात रोज ऊन चढल्यावर माळ उतरणाऱ्या ह्या दोघी पाटलिणीनं दारातून पाहिल्या होत्या. कुंभारणीला कामाचा कंटाळा, सासूला घेऊन ऊन खात बसती, असं पाणवठ्यावर सांगून बायकांना हसवलंही होतं.

म्हातारीनं तशातही डोक्यावरचा पदर सावरला. "पोराला बोलू नका बाई... आमी तुमच्या शब्दाभाईर न्हाई..." पुढचं खोकल्यात गेलं.

"मला आदी कावून सांगितलं न्हाईस?" पाटलिणीनं आश्रुबाला विचारलं.

"आलतो की. पयल्याच हिवाळ्यात. तुमी म्हणलात, कुंभाराला धूर सोसंना तर मडकी करायची सोड. समदे हसले. मी परत गेलतो."

आठवलं तिला. कोण कोण हसलं तेही आठवलं. आधी तीच हसली होती.

गोवऱ्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन आळीतली चार माणसं माळावर पोचली आणि पाटलिणीला पाहून जागीच उभी राहिली. आता बोलणी बसणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. म्हातारीकडं बघायचा धीर तिला होईना. परत फिरावं, असं एकदा पायांना वाटलं. पण हुकूम चार माणसांत दिला होता.

तिनं त्या चौघांना ऐकू जाईल असा आवाज काढला.

"आश्रुबा, माजा शब्द मोडलास ते बेस केलंस. तीन हिवाळे उशिरा मोडलास, एवढाच तुजा गुन्हा. बाकी समदा माजा हाय. तुज्या आईचा दम मी घालवला. कुणी इचारलं तर माजं नाव घेऊन सांग."