टेप ताणलेली नव्हती

मित्रांनो, मी एका शिंप्याची जुनी टेप आहे. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. माझे आकडे आता पुसट झाले आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते, कारण तिच्यावरून मला फार बोलणी खावी लागली. मी आयुष्यात कधीही खोटं माप दिलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साध्या कापडाची टेप वापरून वापरून ताणली जाते आणि मग माप कमी दाखवू लागते. म्हणून आम्हाला काचेच्या बारीक धाग्यांवर मऊ लेप देऊन घडवलं होतं. बाहेर पाठवण्याआधी आमच्यातल्या प्रत्येकीला पोलादी पट्टीशेजारी ठेवून पाहत. जी सुतभर चुकली, ती कचऱ्यात. मी त्या परीक्षेत पास झाले आणि डोक्यात थोडी हवा घेऊनच मास्टरांच्या दुकानात आले.

मास्टर म्हणजे आमचे शिंपी. सगळं गाव त्यांना मास्टरच म्हणायचं. दुकान एवढंसं: एक कापणीचं टेबल, दोन मशिनं, एक आरसा आणि कोपऱ्यात स्टूल. त्या स्टुलावर त्यांचा धाकटा भाऊ काज-बटणं करायला बसे. मास्टरांची बायको लवकर गेली. लेक शाळेतून थेट दुकानात यायची, तिथंच अभ्यास करायची, आणि मोठी झाल्यावर तिथंच शिवायला शिकली. मी दिवसभर मास्टरांच्या गळ्यात असे. जेवताना, मागच्या नळावर तोंड धुताना, कधीकधी घरी जातानाही ते मला काढायला विसरत.

मास्टरांचा एक नेम होता. माप घेताना आकडा कधीच मोठ्यानं सांगायचा नाही. लेक वही घेऊन शेजारी उभी असे, तिला ऐकू जाईल एवढंच पुटपुटायचं. पोट सुटलेले साहेब असोत की आजारानं खंगलेली आजी, त्यांच्या अंगाची गोष्ट बाकावर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळता कामा नये. "माणूस आपल्यापुढे हात वर करून उभा राहतो, बाळ," ते लेकीला सांगत. "त्याची लाज आपण राखायची." मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! पण पुढे याच स्वभावानं त्यांचा घात केला.

झालं असं, की मास्टरांच्या शौचातून रक्त जाऊ लागलं. मी गळ्यात होते, त्यामुळे मला पहिल्या दिवशीच कळलं. आधी थोडं, मग बंद, मग पुन्हा. कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नसे, तर कधी दिवसातून पाच वेळा उठावं लागे. दुसऱ्यांची लाज राखणारा माणूस, स्वतःची गोष्ट कुणाला सांगणार? लेकीपुढे तर त्यांनी ब्र काढला नाही. एकदा भावाला, म्हणजे लेकीच्या काकांना, अर्धंमुर्धं सांगितलं, तेही मुद्दाम इस्त्री आपटत, इकडेतिकडे बघत.

काकांनी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाले, "दादा, दिवसभर बूड टेकून बसणारी माणसं आपण. आपल्या धंद्यात मूळव्याध कुणाला चुकलीय? मलाही अधूनमधून होतंच की. मलम लाव, गरम पाण्यात बस. होईल बरं."

बिचाऱ्या काकांनी मायेनंच सांगितलं. मास्टरांनाही तेच ऐकायचं होतं. मलमाच्या तीन ट्यूब संपल्या.

त्याच सुमारास लेकीनं हट्ट धरला, की बाबांसाठी एक पँट आपण एकटीनं शिवायची, कापण्यापासून काजापर्यंत. तिनं मला मास्टरांच्या कमरेभोवती गुंडाळलं, दोन बोटं आत घातली आणि आकडा बघून थबकली.

"बाबा, चौतीस येतंय. वहीत तर तुमची कंबर अडतीस आहे."

तिनं पुन्हा माप घेतलं. पुन्हा चौतीस. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. आठ-दहा महिन्यांत चार इंच! मास्टरांनी जेवण कमी केलं नव्हतं, व्यायाम सुरू केला नव्हता. अंग असं आपोआप झडत नसतं.

मास्टर हसले. "अगं, टेप ताणली गेलीय. पंचवीस वर्षं गळ्यात लोंबतेय, ढिली नाही पडणार तर काय! तू वहीतल्या मापानं काप."

त्याच आठवड्यात माझ्याच मापानं कापलेले चार शर्ट आणि एक कोट गिऱ्हाइकांना अगदी अंगासारखे बसले होते. तेवढा विचार कुणी केला नाही. मास्टरांचा शब्द दुकानात शेवटचा. लेकीनं अडतीसची पँट कापली आणि ती मास्टरांच्या अंगावर पोत्यासारखी लोंबली. तिचा चेहरा पडलेला पाहून ते म्हणाले, "हल्ली अशीच ढगळ घालतात, तुला काय माहीत!" आणि पट्टा आवळून दिवसभर मिरवली. मला मात्र ड्रॉवरमध्ये टाकलं. गळ्यात नवी पिवळी टेप आली. अपमानाचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. माझ्यावर विश्वास ठेवला असता तर त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं लागलं असतं.

ड्रॉवरमध्ये मी आठ महिने होते. तिथून मला फक्त आवाज ऐकू येत. कात्री चालताना मध्येच थांबायची. मास्टर धापा टाकायचे. "कापड जड आहे," म्हणत वेळ मारून न्यायचे. मग एका दुपारी धप्प असा आवाज झाला आणि लेकीची किंकाळी ऐकू आली. मास्टर टेबलाशेजारी कोसळले होते.

पुढचं मला लेक आणि काका यांच्या बोलण्यातून कळलं. अंगात रक्त निम्म्याहून कमी राहिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "शौचातून रक्त जातं का?" मास्टरांनी लेकीकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा डॉक्टरांनी लेकीला बाहेर बसवलं आणि पुन्हा विचारलं. मग मास्टर लहान मुलासारखे रडले आणि दीड वर्षाचं सगळं सांगून मोकळे झाले.

डॉक्टरांनी गुदद्वारातून एक बारीक, वाकणारी दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहिलं. आतड्यात गाठ होती आणि तिनं वाट जवळजवळ बंद केली होती. तिचा तुकडा तपासला तर कॅन्सर. पोटाचा स्कॅन केला तेव्हा यकृतावरही डाग दिसले. डॉक्टर लेकीला म्हणाले, "ही गाठ एका रात्रीत होत नाही. आधी आतड्याच्या आत मांसाचा एक छोटा कोंब येतो. त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो काढला तर पुढचं सगळं टळतं. आणि कॅन्सर झाला तरी लवकर सापडला तर बरीच माणसं पूर्ण बरी होतात."

"आणि बाबा?" लेकीनं विचारलं.

"आम्ही सगळे प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा काका दवाखान्यात थांबले आणि लेक बाबांचे कपडे घ्यायला म्हणून निघाली ती दुकानात आली. तिनं ड्रॉवर उघडला, मला बाहेर काढलं आणि टेबलावर पोलादी पट्टीशेजारी सरळ अंथरलं. बारा इंच, चोवीस, छत्तीस. पट्टी सरकवत सरकवत ती साठपर्यंत आली. मी सुतभरही चुकले नव्हते. तिनं तिथंच जमिनीवर बसकण मारली. "चौतीस खरं होतं," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. मी दोनदा बघितलं होतं." तिचे अश्रू माझ्या आकड्यांवर पडले. मित्रांनो, आपण खरे होतो हे सिद्ध झाल्याचा आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही. त्या दिवशी मी खोटी ठरले असते तर किती बरं झालं असतं!

आतड्याचा आजारी भाग काढला होता आणि उरलेल्या आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं एक पिशवी लावली होती. शौच त्या पिशवीत जमा होई. घरी आल्यावर मास्टर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. कोणतीही पँट घातली की तिचा कमरपट्टा नेमका पिशवीवर दाबायचा. तीन दिवसांनी ते उठून बसले. "बाळ, माझी जुनी टेप आण," म्हणाले. लेकीनं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला बोटांवरून फिरवलं. "हिनं सांगितलं होतं," एवढंच बोलले, आणि पिशवीपासून नाभीपर्यंतचं माप घ्यायला लागले.

त्यांनी स्वतःसाठी एक पँट शिवली. कंबर उंच, पुढे मऊ पट्टी, आतून सुती खिसा, त्यात पिशवी अलगद बसेल असा. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नसे. दवाखान्यातल्या सिस्टरनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "मास्टर, आमच्याकडे अशी पिशवी लावलेले आणखी लोक आहेत. घराबाहेरच पडत नाहीत हो ते." मग ते लोक एकेक करून दुकानात येऊ लागले. एक शिक्षक आले, एक भाजीवाल्या मावशी आल्या, कामावर परत जायला घाबरणारा एक ड्रायव्हर आला. मास्टर माप घेताना त्यांना स्वतःचा शर्ट वर करून दाखवत. "हे बघा, मलाही आहे." माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम मी त्या दिवसांत केलं.

दर दोन आठवड्यांनी त्यांना सलाइनमधून कॅन्सरचं औषध देत. त्या औषधानं बोटं बधिर व्हायची आणि थंड वस्तूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. लोखंडी कात्री त्यांना धरवेना. लेक रोज सकाळी कात्री फडक्यात गुंडाळून कुशीत धरायची आणि कोमट झाली की त्यांच्या हातात द्यायची. सहा महिने त्यांनी असं काम केलं. पण यकृतातले डाग वाढतच गेले. मग एक दिवस डॉक्टरांनी औषध थांबवलं.

शेवटच्या आठवड्यात मास्टरांनी लेकीला जवळ बोलावलं. "माप घे माझं. नीट घे." तिनं मला त्यांच्या कमरेभोवती गुंडाळलं. सत्तावीस. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "एकतीस, बाबा."

मास्टरांनी तिच्या गालावर हात ठेवला. "माझ्याकडूनच शिकलीस," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडले. माझ्या नावावर खोटं माप सांगितलं गेलं ते तेवढं एकदाच, आणि मी रागावले नाही. चार दिवसांनी ते गेले.

डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं, "तुम्ही सख्खे भाऊ. हा आजार घरात आला की भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायलाच हवं." लेकीलाही त्यांनी कोणत्या वर्षी यायचं ते लिहून दिलं होतं. आपल्यालाही अधूनमधून रक्त जातं हे काकांनी तिच्यापुढे कबूल केलं, पण तपासणी मात्र टाळत राहिले. आज बटणं आहेत, उद्या काजं आहेत. शेवटी एके दिवशी दुकान भरलेलं असताना लेकीनं मला एका गिऱ्हाइकाच्या छातीवरून काढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, तुम्हाला शौचातून रक्त जातं ना? मग उद्या माझ्याबरोबर चला. आणखी एक माणूस या दुकानातून मी लाजेपायी जाऊ देणार नाही."

काकांचे कान लाल झाले. ते गिऱ्हाईक हात वर करून तसंच उभं राहिलं. तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा खाकरले. "पोरी, मलाही जातं गं अधूनमधून. कुणाला विचारावं ते कळत नव्हतं." लेकीनं त्यांनाही डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

काका तपासणीला गेले. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायला लागलं म्हणून त्यांनी खूप कुरकुर केली. तपासणीच्या वेळी इंजेक्शन देऊन झोपवलं. आतड्यात दोन कोंब सापडले आणि डॉक्टरांनी ते दुर्बिणीतूनच, त्याच बैठकीत काढून टाकले. दुसऱ्या दिवशी काका स्टुलावर येऊन बसले. सुईत दोरा ओवायला लागले, पण तो जाईना.

"अर्धा तास लागला गं," ते लेकीला म्हणाले. "नुसता अर्धा तास. मला तर कळलंही नाही. आणि दादाला मी मलम लाव म्हणालो." लेक त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि दोघं खूप वेळ रडत राहिली.

मित्रांनो, मी एक टेप आहे. मला फक्त मोजता येतं, बोलता येत नाही. तुम्हाला बोलता येतं. तुमच्या शौचात रक्त दिसलं, तर घरातल्या मोठ्यांना त्याच दिवशी सांगा. घरातलं कुणी कारण नसताना वाळत चाललं असेल, सारखं थकत असेल, पोटाची तक्रार लपवत असेल, तर हसू नका आणि लाजू नका. त्यांना विचारा. ते नाही म्हणाले तरी पुन्हा विचारा आणि हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. घरातल्या मोठ्यांना काहीच त्रास नसला तरी पंचेचाळिशी आली की आतडं कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारायला सांगा.

आमच्या मास्टरांनाही तो अर्धा तास मिळाला असता. तो मागायची त्यांना लाज वाटली.