कडक स्प्रिंगा

"आणखी कडक स्प्रिंगा टाका, काका. आणि गाडी अजून थोडी खाली बसवा," श्याम म्हणाला आणि इंटरनेटवरून मागवलेलं खोकं त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं.

मी खोकं उघडलं नाही. बाहेर जाऊन त्याच्या गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली.

"मान डोलावतेय," मी म्हणालो. "तुमच्या म्हणण्याला नव्हे. शॉकअप गेलेत."

खडकीत माझं गॅरेज आहे. अडतीस वर्षं मी फक्त स्प्रिंगा आणि शॉकअप बघतो. इंजिनाचं दुखणं असेल तर शेजारी पाठवतो. हा श्याम नारायण पेठेतला, नोकरी हिंजवडीला. गाडी देखणी, चार दारांची घरगुती, पण जीव शर्यतीच्या गाडीचा. वर्षापूर्वी त्यानं कुठेतरी बुटक्या, कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या आणि शॉकअप जुनेच ठेवले. ही चूक गाडीवर प्रेम करणारी माणसंच करतात. स्प्रिंग गाडीला पेलते, पण तिच्या उड्या शॉकअप थांबवतो. जुने शॉकअप त्या स्प्रिंगांपुढे दमले, गाडी उड्या मारायला लागली, आणि यानं ठरवलं की स्प्रिंगाच कमी कडक पडल्या.

"शर्यतीला नेता का?" मी विचारलं.

"छे हो. रोज ऑफिसला."

"एकटेच?"

"आता एकटाच. आधी उल्का यायची, माझी बायको. ऑफिसं जवळजवळच आहेत आमची. पण चार महिने झाले, ती कंपनीच्या बसनं जाते. बसमध्ये वाचता येतं म्हणते."

"काय वाचतात?"

श्यामला माहीत नव्हतं.

"शनिवारी त्यांना घेऊन या. त्या आल्याशिवाय मी गाडीला पाना लावणार नाही."

"अहो काका, तिला गाडीतलं काही कळत नाही."

"म्हणूनच."

माझी एक पद्धत आहे. मालकानं रोजच्यासारखी गाडी चालवायची आणि मी मागे बसायचं. त्याशिवाय मी स्प्रिंग निवडत नाही. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

शनिवारी दोघं आली. औंधच्या रस्त्याला लागलो. उल्का नवऱ्याशेजारी बसली होती, खिडकीबाहेर बघत, चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर असतं तसं हसू. पण गतिरोधक यायच्या आधीच तिचा हात दारावरच्या धरायच्या कडीकडे जायचा. दोनदा बघितलं आणि श्यामला गाडी बाजूला घ्यायला लावली.

"आता जागा बदला. ताई चालवतील."

"ही?"

"लायसन्स असेल ना?"

"लायसन्स आहे," उल्का म्हणाली. "गाडी मिळत नाही."

तिनं गाडी हुबेहूब त्याच्यासारखी हाणली. पहिल्याच गतिरोधकावर श्याम ओरडला, "अगं, हळू!"

"तू इथे चाळीसनं घेतोस."

दुसऱ्याच्या आधी त्याचा हात कडीवर गेला. तिसऱ्यानंतर त्यानं ती सोडलीच नाही.

"रोज असं लागायचं?" शेवटी त्यानं विचारलं.

"पाठीत. संध्याकाळपर्यंत ठणकायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"गाडी धुताना स्वतःचा चेहरा बघितलायस कधी? नाही मोडवलं तुझं मन."

श्यामनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हीच ठरवा."

"ठरलंय. मूळच्या उंचीच्या स्प्रिंगा परत घालायच्या. शॉकअप मात्र उत्तम, जरासे ताठ. वळणावर गाडी झुकणार नाही आणि खड्डा पाठीत शिरणार नाही."

"म्हणजे खाली नाही बसणार?"

"चाकावर तीन बोटं फट दिसेल. लाज वाटली तर पार्किंगमध्ये डोळे मिटून उतरा."

पुढच्या शनिवारी काम झालं. पुन्हा तोच रस्ता, चालवायला श्याम, शेजारी उल्का, मागे मी. उल्का ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करून सांगत होती. गतिरोधक आला आणि गेला. तिचं वाक्य तुटलं नाही. माझ्या धंद्यात याहून मोठी पावती नाही. मला फार बरं वाटलं.

"सोमवारी किती वाजता निघायचं?" तिनं श्यामला विचारलं.

"मला इथेच उतरवा," मी म्हणालो. "तुम्ही जा पुढे. मी बसनं जाईन."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी बसथांब्यावर उभा राहिलो, आणि मग सुहासिनीची, माझ्या बायकोची आठवण अनावर झाली.

तरुणपणी माझ्याकडे फियाट होती. घाटात पळवायला मी तिच्या स्प्रिंगा दगडासारख्या केल्या होत्या. वर्षभरात सुहासिनी म्हणाली, "अहो, मी आपली एसटीनं येते. मला खिडकी मिळते." अकरा वर्षं आम्ही एकाच लग्नाला दोन वाहनांनी गेलो. नातेवाईक चेष्टा करायचे, मीही हसायचो, तीही हसायची. पुढे तिच्या पाठीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी सगळं खोदून विचारलं आणि ती माझी गाडी का टाळायची ते मला कळलं. दुसऱ्याच दिवशी मी स्प्रिंगा बदलल्या. मागच्या सीटवर बसायला लागलो तेही तेव्हापासून. पण तिला पुन्हा लांबचा प्रवास झेपला नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. निदान एसटीत तरी तिला आराम मिळाला, हे समाधान मी आजवर जपलं होतं.

बस आली. मी कित्येक वर्षांत बसमध्ये चढलो नव्हतो. जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. पहिल्याच गतिरोधकानं मला सीटवरून उचललं आणि असं आपटलं की तोंडातून "आई गं" निघालं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

बाकी काही नाही तरी स्प्रिंगांचं मला कळतं. या बसच्या पाट्यांपुढे, म्हणजे जाड पट्ट्यांच्या स्प्रिंगांपुढे, माझी फियाट म्हणजे गादी होती, आणि एसटीचे पाटे काही वेगळे नसतात. तिला तिथे आराम मिळत नव्हता. एवढंच, की तिथे कण्हलं तर कुणाचं मन मोडत नव्हतं.