सिमेंटचा सहावा थर

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या हणमंतरावांच्या वसतिगृहात मच्छरांचा दारुण पराभव झाला, तिथं राहणारी सृष्टी परीक्षेला बसली आणि चांगल्या मार्कांनी पासही झाली. हे एकदा सांगून टाकलं. आता कृपया असं काहीही घडलेलं नाही, असं समजावं. मार्च महिना आहे, परीक्षेला पन्नास दिवस उरलेत आणि मच्छर पुढे आहेत.

हणमंतरावांच्या वसतिगृहात चाळीस मुली राहत. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. अंगणात मात्र मातीचा एक कण नव्हता. हणमंतरावांनी सगळं अंगण सिमेंटनं बंद केलं होतं आणि दर दिवाळीला जुन्या थरावर नवा थर चढे. असे पाच झाले होते. कडुनिंबाच्या बुंध्याला सिमेंटचा गळपट्टा होता. तुळशीच्या कुंडीत काँक्रीट भरून वर प्लॅस्टिकची तुळस रोवली होती. ती दर गुरुवारी साबणानं धुतली जाई.

याला कारण होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात औशाकडच्या एका खेड्यात त्यांचं दगडमातीचं घर बसलं आणि आई त्याखाली गेली. हणमंतराव तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्या पहाटेपासून त्यांनी माती आणि दगड या दोघांशी बोलणं टाकलं होतं.

पण चाळीस मुलींच्या आंघोळीचं पाणी जाणार कुठं? त्या गल्लीत गटार आलेलं नव्हतं, फक्त त्याचं भूमिपूजन दोनदा झालं होतं. थरावर थर चढून अंगणाचा उतार उलटा फिरला होता. सगळं पाणी न्हाणीमागं साचे आणि तिथं मच्छरांचा संसार सुखात चाले. हणमंतरावांनी धूर केला, औषध फवारलं, शेवटी फाटकावर पाटी लावली : ‘रात्री आठनंतर बाहेरच्यांस सक्त मनाई.’ पण मच्छर बाहेरचे नव्हतेच. त्यांचा जन्मच आतला होता.

मग मुली तापानं पडू लागल्या. चौथी पडली ती सृष्टी. डॉक्टरांनी सांगितलं, मच्छरांपासून आलेला ताप आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील ग्यानोबा किनवटहून रिकामी पिशवी घेऊन हजर झाले. त्याच वेळी अंगणात खाजाभाई मिस्त्री थापी घेऊन उभे होते. हणमंतरावांनी त्यांना तातडीनं बोलावलं होतं.

“सहावा थर टाकायचा, खाजाभाई. डबकंच बुजवून टाका.”

“आन पाणी कुठं जाईल, मालक?”

“ते पाण्यानं बघावं.”

ग्यानोबांनी नमस्कार केला. “सर, पोरीला घेऊन चाललो. आमच्याकडं जंगल हाय, अस्वल हाय. पर अस्वलामुळं अजून कुणाला ताप आला न्हाई.”

“बाबा, आता गेले तर वर्ष जाईल!” पायरीवर चादर गुंडाळून बसलेली सृष्टी रडवेली झाली.

“वर्ष गेलं तर दुसरं येतंय, बाई. माणूस गेलं तर दुसरं येतंय का?”

हणमंतरावांनी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, “टाका, खाजाभाई.”

“हा थर म्या न्हाई टाकणार,” खाजाभाई म्हणाले. “पाच टाकले, ती माझी चूक झाली.”

सृष्टीनं डोळे पुसले. “काका, पुस्तकात हाय बघा. परिसंस्थेत सजीव असतात आन माती, पाणी, हवा, ऊन असे निर्जीव घटक असतात. एकमेकांवाचून कुणाचंच चालत न्हाई. तुम्ही पाणी ठेवलं आन माती काढली. बेडूक, गांडूळ हाकलले आन मच्छर ठेवून घेतले.”

“यावर परीक्षेत एकच प्रश्न येतो,” हणमंतराव सवयीनं म्हणाले.

“तो इथंच आलाय, काका.”

“पण निर्जीव?” हणमंतरावांचा आवाज एकदम चढला. “माझी माय नेली ती माती निर्जीव?”

खाजाभाईंनी थापी खाली ठेवली.

“मालक, भूकंपानंतर तिकडं नवी घरं बांधायला मी गेलतो. पडलेल्या भिंती जवळून बघितल्या. दगड नुसते रचलेले. भिंतीच्या दोन अंगांना सांधणारा जोडदगड कुठं दिसला न्हाई. आन वर मातीचं छप्पर, माळवद! ते गळू नये म्हणून दरसाल नवी माती टाकायची, जुनी काढायचीच न्हाई. आज्यानं टाकली, बापानं टाकली. दोन-दोन फूट वजन डोक्यावर! मातीनं काय करावं? तिला वर आपणच चढवली. ती जीव घ्यायला आली नव्हती. आन आता तुम्ही काय करून राहिलात? सांगा.”

हणमंतराव अंगणाकडं बघत राहिले. दर दिवाळीला एक. जुना काढायचा नाही, वर नवा टाकायचा.

“अरे देवा!” ते पुटपुटले. “मी पण माळवदच घालत होतो!”

त्यांनी खाजाभाईंच्या सायकलला लावलेला घण उचलला आणि डबक्याशेजारी हाणला. घण उसळून परत आला. खाजाभाईंचं काम पक्कं होतं. त्याबद्दल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच माफी मागितली.

“सर, तीन दिवस बघतो,” पिशवी खाली ठेवत ग्यानोबा म्हणाले. “डबकं हटलं तर पोरगी राहील.” मग शहरातली माणसं खोदतात कशी, हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी कुदळ स्वतःच घेतली.

पाचही थर फुटले. खाली काळी माती निघाली. तिच्यात चार फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल शोषखड्डा झाला. मधोमध भोकं पाडलेली टाकी बसली. भोवती भरायला दगड आले. पहिला दगड हणमंतरावांच्या हातात होता आणि त्यांना तो ठेववेना.

“ठेवा, मालक,” खाजाभाई हळूच म्हणाले. “खाली ठेवलेला दगड कुणावर पडत न्हाई.”

हणमंतरावांनी तो ठेवला. इतक्या वर्षांनी!

तिसऱ्या दिवशी चाळीस मुलींनी लागोपाठ आंघोळी केल्या. पाणी टाकीत पडलं, दगडांतून झिरपलं आणि मातीनं ते पिऊन टाकलं. डबकं गेलं! मुलींनी बादल्या बडवून गल्ली डोक्यावर घेतली. ग्यानोबा रिकामीच पिशवी घेऊन किनवटच्या गाडीत बसले.

पंधरा दिवसांत मच्छर संपले. एक आला होता, पण तो पत्ता चुकला होता. कडुनिंबाचा गळपट्टा निघाला, तिथली माती मोकळी झाली, आणि ताप उतरलेल्या सृष्टीला एके सकाळी त्या मातीत गांडूळ सापडलं. चाळीस भावी डॉक्टरांनी ते पहिल्यांदाच आकृतीबाहेर पाहिलं.

नागरिकहो, सजीव आणि निर्जीव ही एकाच घरातली माणसं आहेत. एकाला घराबाहेर काढलं की दुसरं अंथरूण धरतं. भीतीवर थर चढवून भीती जात नाही, तो फोडावाच लागतो. आपल्या अंगणात निदान चार फूट माती उघडी ठेवा!

हणमंतरावांना आता मातीबद्दल बोलताना थांबवावं लागतं. गेल्याच आठवड्यात त्यांनी संबंधित कार्यालयात पुढील अर्ज दिला आहे :

‘महोदय, उपरोक्त पत्त्यावर अंदाजे दोनशे गांडुळे विनावेतन, विनारजा कार्यरत आहेत. तरी त्यांना सेवेत कायम करून सातवा वेतन आयोग लागू करावा, ही नम्र विनंती. ओळखपत्रासाठी छायाचित्रे जोडता आली नाहीत, कारण पुढची बाजू कोणती यावर अर्जदाराचे व मिस्त्रींचे एकमत झालेले नाही. कळावे.’