तीन दिवसांचं ट्रेनिंग

मायक्रोफोनचा दांडा आधीच्या उंच माणसाच्या मापाने लावलेला होता. वल्लरीने तो दोन्ही हातांनी खाली ओढला, तो करकरला, आणि जहाजाच्या नाट्यगृहातली सात-आठशे माणसं वळून तिच्याकडे पाहू लागली. तिच्या अंगात राखाडी युनिफॉर्म होता, छातीवर पिवळा बिल्ला होता आणि हातात घडी घातलेला कागद होता. प्रश्न तिला तोंडपाठ होता, पण चाळिसाव्या वर्षी असल्या वेशात चारचौघांत उभं राहायचं तर हातात काहीतरी असलेलं बरं.

"हा प्रश्न माझ्या वडिलांचा आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "ते भारतात, साताऱ्याला असतात. टेलिफोन खात्यात इंजिनियर होते. दुसऱ्या वर्षीच्या एका भागात स्टेशनची वीज तीन दिवस गेलेली असते, तरी दिवा चालूच राहतो. करंट कुठून आला, असं ते सत्तावीस वर्षं विचारताहेत."

मंचावर बसलेले रेमंड टॅव्हिस आता ऐंशीचे झाले होते. 'लँटर्न स्टेशन' या मालिकेत ते अंतराळातल्या दीपगृहाचे इंजिनियर होते, ब्रॅक नावाचे. प्रत्येक संकटात ब्रॅक आधी "हे जमणार नाही" म्हणायचे आणि मग निमूटपणे ते करून दाखवायचे. आता त्यांनी काठीवर हनुवटी टेकवून प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाले की पटकथेत 'दिवा चालू आहे' एवढंच लिहिलेलं होतं. त्यांना एक बटण दाबायला सांगितलं, ते त्यांनी दाबलं. बटणाच्या मागे वायरच नव्हती.

"वडिलांना सांगा," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत मला पकडणारे ते पहिलेच."

सगळं नाट्यगृह हसलं, टाळ्या पडल्या. वल्लरीला इतका आनंद झाला होता की पुढच्या माणसाचा प्रश्न सुरू व्हायच्या आत ती दार ढकलून बाहेर आली. हे उत्तर बाबांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं, यासाठीच तर ती आली होती.

जहाज काल, गुरुवारी दुपारी, जर्मनीतल्या किएल बंदरातून निघालं होतं. कुठे जायला निघालं होतं, असं विचारलं तर कुठेच नाही. बाल्टिक समुद्रात तीन रात्री एक मोठा फेरा मारायचा, मधे एकही बंदर घ्यायचं नाही, आणि रविवारी सकाळी पुन्हा किएलला यायचं. समुद्र बघायला कुणी आलंच नव्हतं. दोन हजार जर्मन माणसं, त्यांत वकील, दंतवैद्य, आजोबा, आज्या, असे सगळे त्याच राखाडी युनिफॉर्ममध्ये सकाळी ब्रेडला लोणी लावत होते, आणि निम्म्यांनी कपाळावर मालिकेतल्या परग्रहवासीयांसारखी रबराची तिसरी भुवई चिकटवली होती. हॅनोव्हरला घरी वल्लरीच्या नवऱ्याने, गौरांगने, यावर तीन महिने पुरेल इतकी थट्टा करून घेतली होती. दहा वर्षांची ईप्सिता एकच शब्द बोलली होती, 'पाइनलिश', म्हणजे लाज आणणारं, आणि तो तिने दोनदा उच्चारला होता.

साताऱ्याला मात्र हे फक्त बाबांना ठाऊक होतं. आईला सांगितलं असतं तर ती "या वयात?" एवढंच म्हणाली असती, आणि तेवढंच पुरेसं झालं असतं. म्हणून बाबांनीच युक्ती काढली. "आईला ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांग," ते फोनवर आवाज खाली करून म्हणाले होते, "पुढचं मी सांभाळतो." पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला या कटाचा आनंद आवरत नव्हता. गेल्या महिन्यात त्यांना दम लागून दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. ही गोष्टसुद्धा वल्लरीला ते घरी परतल्यावर कळली होती. तेव्हापासून प्रत्येक फोनला आधी त्यांचा श्वास कसा लागतोय ते ती ऐकत असे.

जहाजाचं वायफाय वरच्या डेकवर बरं लागायचं. तिने बाबांना फोन लावला. उचलला प्रणवने, तिच्या धाकट्या भावाने. तिने बाबांना दे म्हटलं.

"ताई, बाबा ना, आंघोळीला गेलेत."

"आत्ता? तिकडे दुपारचे तीन वाजले असतील."

"हो, म्हणजे, उकडत होतं फार. तू तुझं ट्रेनिंग नीट कर. मग बोलू." आणि त्याने फोन ठेवला.

वल्लरी कठड्याला धरून उभी राहिली. बाबांची आंघोळ पहाटे पावणेसहाला असे. बदल्या झाल्या, तार बंद पडली, एक्स्चेंजमध्ये संगणक आले, बाबा निवृत्त झाले, पण ती वेळ हलली नव्हती. उकडतंय म्हणून दुपारी तीनला अंगावर पाणी घेणारा माणूस तिच्या घरात जन्मालाच आला नव्हता.

दूर असलेल्या माणसाला वाईट बातमी लगेच कळवायची नाही, असा त्यांच्या घराचा शिरस्ता होता. आजी गेली तेव्हा वल्लरीची हॅनोव्हरच्या विद्यापीठात परीक्षा होती, म्हणून तिला तेराव्यानंतर कळवलं. काकांच्या बायपासची बातमी टाके काढल्यावर आली. आणि वल्लरीही कमी नव्हती. तिचं पित्ताशय काढलं तेव्हा तिने स्वतःच महिनाभर साताऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. यात प्रेमच होतं, दुसरं काही नव्हतं. फक्त त्यामुळे या घरातल्या माणसाला लांबून खरं कधी कळत नसे, आणि शंका मात्र सगळ्या येत.

तिने गौरांगला मेसेज केला, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. उत्तर लगेच आलं. सगळं ठीक आहे, तू मजा कर, भरपूर फोटो काढ आणि ब्रॅकसाहेबांना माझा नमस्कार सांग. ब्रॅकचं नाव न हसता घेणं गौरांगला आजवर कधी जमलं नव्हतं. तिने फोन केला तर तो ईप्सिताने उचलला आणि जर्मनमध्ये सांगितलं की पापा दुसऱ्या फोनवर प्रणवमामाशी बोलतोय. मग तक्रारीच्या सुरात, पापाने तिला आईशी फक्त शाळेबद्दल बोलायला सांगितलंय, असंही ती म्हणाली. शाळेत काय झालं ते वल्लरीने विचारलं. काही नाही, असं उत्तर आलं.

खाली रिसेप्शनच्या काउंटरवर एक पन्नाशीची बाई होती. कर्मचाऱ्यांनाही वातावरणनिर्मितीसाठी काहीबाही घालायला लावलं असावं, कारण तिच्या केसांच्या पट्ट्यावर दोन स्प्रिंगा डोलत होत्या. वल्लरीने सांगितलं की मला ताबडतोब उतरायला हवं, माझ्या वडिलांना काहीतरी झालंय. बाईचा चेहरा लगेच गंभीर झाला. तिने कागद पुढे ओढला आणि एकेक विचारायला सुरुवात केली. कुटुंबातल्या कुणी कळवलं का? नाही. हॉस्पिटलकडून काही आलं का? नाही. मग कशावरून?

"ते दुपारी तीन वाजता आंघोळीला गेलेत," वल्लरी जर्मनमध्ये म्हणाली.

बाईने पेन थांबवलं. "पण ही चांगली गोष्ट आहे ना?"

"नाही. आणि माझा नवरा माझ्याशी फार चांगलं बोलला."

एवढं बोलून झाल्यावर वल्लरीचं तिलाच कळलं, की याच्यापलीकडे जर्मनमध्ये सांगण्यासारखं आपल्याकडे काही नाही. मराठीत हे एवढं पुरलं असतं. साताऱ्याच्या कुठल्याही बाईने पुढचं न विचारता तिला खुर्ची दिली असती. ही बाईही वाईट नव्हती. हेलिकॉप्टर फक्त जहाजावरच्या रुग्णासाठी येतं, आणि धक्क्याला आपण रविवारी आठ वाजता लागू, हे तिने हळू आवाजात, दोनदा समजावलं. मग वल्लरीकडे थोडा वेळ पाहून तिने काउंटरवरचा वायरचा फोन उचलून तिच्यापुढे ठेवला. हा उपग्रहावरून जातो, ती म्हणाली, साध्या नंबरालाही लागतो.

साधा नंबर वल्लरीला पाठ होता. खात्याशी इमान म्हणून बाबांनी घरातला जुना लँडलाइन फोन अजून काढला नव्हता. त्यावर कुणी फोन करत नसे, त्यामुळे त्यावर काय बोलायचं आणि काय नाही, हे आज कुणी कुणाला बजावलेलंही नसणार. सात वेळा घंटी वाजली. मग आईचा आवाज आला.

"आई, मी वल्लरी."

आईच्या मागे पुष्कळ माणसं बोलत होती. खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"तुला कुणी सांगितलं?" आई म्हणाली.

"कुणी नाही. बाबा कुठे आहेत?"

"गेले गं. आज पहाटे." सकाळपासून तेच वाक्य सांगून तिचा आवाज कोरडा पडला होता. "काल संध्याकाळी पुन्हा दम लागला. दवाखान्यात नेलं, पण रात्र निघाली नाही. आत्ताच सगळे माहुलीच्या स्मशानातून आले. आंघोळी चालल्यात."

वल्लरीने काउंटरची कड धरली. तिला मोठ्याने रडायचं होतं. मागे दाराची कार्डं बदलून घ्यायला चार राखाडी युनिफॉर्म रांगेत उभे होते, आणि एकाच्या हातात आइस्क्रीम होतं. रडू आलंच नाही.

"रविवारपर्यंत तुला कळवायचं नाही, असं तेच म्हणाले," आई सांगत होती. "गाडीत चढवत होते तेव्हा. तिचं ट्रेनिंग मोडायचं नाही, म्हणाले. तीनदा म्हणाले. धड श्वास घेता येत नव्हता, आणि यांना तुझ्या ऑफिसची काळजी."

"आई."

"आता कळलंच आहे तर निघ. किएल ना ते? साहेबांना सांग, वडील गेले म्हणून. कुणी अडवणार नाही. रात्रीचं विमान मिळालं तर उद्या येशील. तू आलीस की मग मी जरा पडेन."

आईचं सगळं बरोबर होतं. जगातल्या कुठल्याही ट्रेनिंगमधून तिला या क्षणी सोडलं असतं. समोरच्या लांब काचेबाहेर पाणी होतं, त्याच्यापुढे पाणी होतं, आणि जहाज आपलं संथपणे फेरा मारत होतं. साहेब सोडत नाहीत असं सांगावं, हे तिच्या मनात येऊनही गेलं. नसलेल्या साहेबाला दोष देणं सोपं होतं.

तेवढ्यात तिच्या डोक्यावरचा स्पीकर सुरू झाला. इथे प्रत्येक घोषणेआधी मालिकेची सुरुवातीची धून वाजायची, तशी ती आताही वाजली, चांगली पूर्ण. मग एक पुरुष जर्मनमध्ये कुणाकुणाबरोबरच्या फोटोंच्या वेळा सांगू लागला.

पलीकडे आई बोलायची थांबली. ती मालिका आईने कधी पाहिली नव्हती. गुरुवारी रात्री नऊ वाजता बाबा आणि वल्लरी बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे असत, आणि आई आत ओटा आवरत असे. ब्रॅक कोण हे तिला सांगता आलं नसतं. धून मात्र तिने तीन वर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती.

"हे गुरुवारचं," आई म्हणाली.

"हो."

"तू कुठे आहेस?"

वल्लरीने सांगितलं. जहाजावर आहे, त्या मालिकेतले नट आलेत, मालिका आवडणारे लोक आलेत, जहाज समुद्रात आहे आणि रविवारी सकाळपर्यंत उतरता येत नाही. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"यांना ठाऊक होतं?"

"हो. आईला ट्रेनिंग सांग, असं तेच म्हणाले होते."

मागून कुणीतरी, वहिनी, चहा घ्या थोडा, असं म्हणत होतं. आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"मला सांगितलं असतंत तुम्ही दोघांनी," ती म्हणाली, "तर मी काय नको म्हटलं असतं?"

दोघांपैकी कुणी कधी विचारूनच पाहिलं नव्हतं. वल्लरी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहिली. काउंटरपलीकडच्या बाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. वर स्पीकरवरचा माणूस तीच घोषणा आता इंग्रजीत पुन्हा करू लागला.

"बोलावताहेत वाटतं तुला," आई म्हणाली. "जा तू."

आणि वल्लरी काही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला.