वर्षातून वीस मिनिटं

सरोवराकाठच्या हेमलॉक पार्कात जुन्या लाकूडतोडीच्या आठवणीसाठी भरणाऱ्या वनवारशाच्या मेळ्याला माणसं कशाकशासाठी येतात. कुणी वाफेवरची करवत बघायला, कुणी कुऱ्हाडफेकीला, कुणी ओंडक्यांच्या घरात सूत कातणाऱ्या बायकांशेजारी बसून फोटो काढायला. रेइनो यायचा तो जेवायला. सकाळभर मांडवात बसून तो लांब दुहाती करवतींचे दात कानशीनं घासायचा, बोटं लांब ठेवा म्हणून पोरांना दटावायचा; पण जीव सगळा दुपारच्या पंगतीत.

जुन्या लाकूडतोड्यांच्या छावणीत जेवताना बोलायची बंदी असे. बोलण्यातून भांडणं निघत, आणि ज्यांच्या उशाशी कुऱ्हाडी असत त्यांची भांडणं कुणाला परवडणार? काही हवं असेल तर मागण्यापुरतं तोंड उघडायचं, बाकी वीस मिनिटं मान खाली. प्रत्येकाची बाकावरची जागाही ठरलेली. मेळा सुरू करणाऱ्या म्हाताऱ्या हॅरल्डनं पार्कातल्या पंगतीला तोच नियम लावला, आणि अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच पंगतीत रेइनोची जागा नेमकी त्याच्या थोरल्या भावासमोर, ओन्नीसमोर ठेवली. ती चूक होती की लबाडी, हे हॅरल्डनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

दोघा भावांचं बोलणं तुटून तेव्हाच आठ वर्षं झाली होती. आई ओन्नीकडे असायची. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात, सारखी म्हणायची, मला माझ्या घरी जायचंय. जानेवारीतल्या एका पहाटे ती झोपायच्या कपड्यांवर बाहेर पडली आणि बर्फात गारठून गेली. तिला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पीत होते. तिथं चारचौघांत रेइनो ओन्नीला म्हणाला, "दाराला कडी तरी लावायचीस." बास, एवढंच. ओन्नीनं कप खाली ठेवला, टोपी घेतली आणि निघून गेला. तो गेला तो गेलाच. पत्रं परत आली. फोन केला तर त्याची बायको उचलायची आणि हळूच म्हणायची, नको म्हणताहेत हो.

आणि बोलणारा हा कोण? आईला एक आठवडा तुझ्याकडे ठेव म्हणून ओन्नीनं दोनदा विचारलं होतं, तेव्हा घर लहान आहे, कामाची गडबड आहे, अशा सबबी सांगणारा! हे रेइनोला त्याच रात्री कळून चुकलं होतं. तेव्हापासून ते त्याच्या छातीवर बसलं होतं.

पण पंगतीला ओन्नी यायचा. चाळीस मैल गाडी हाकत यायचा, आपल्या जागी बसायचा, खायचा, जायचा. तिथं कुणीच बोलत नसल्यामुळं त्याला रेइनोशी न बोलण्याचे कष्ट पडत नव्हते. रेइनो वीस मिनिटं त्याला डोळे भरून बघून घ्यायचा. बायको गेली त्या वर्षी ओन्नीच्या शर्टाला दोन बटणं नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी काठी आली. बटाट्यांचं भांडं नेहमी रेइनोच्या बाजूला असायचं. मागायला लागू नये म्हणून ओन्नी अकरा वर्षं बटाटे न खाता उठला. रेइनोनं सरकवलं तर तिकडं बघायचासुद्धा नाही. असा हट्टी. तरी रेइनो घरी जाऊन वर्षभर त्याच वीस मिनिटांवर जगायचा.

हॅरल्ड हिवाळ्यात गेला आणि मेळ्याची व्यवस्था टेसाकडे आली. पोरगी हुशार, धडपडी, तिशीची. मेळ्याच्या सकाळी ती करवतींच्या मांडवात आली आणि हसत म्हणाली, यंदा गप्प बसायचा नियम काढून टाकलाय. पंगतीत माइक फिरवायचा, जुन्या माणसांनी आठवणी सांगायच्या.

रेइनोनं कानस खाली ठेवली. "नियम आहे तो छावणीचा," तो म्हणाला.

"काका, मढ्याच्या घरी जेवल्यासारखं वाटतं हो लोकांना. आणि तुम्ही दोघे भाऊ समोरासमोर असता. आई तुमची छावणीत स्वयंपाकाला होती ना? माइक आधी तुमच्याकडेच देते."

आता खरं सांगायला काय धाड भरली होती? बाई गं, मला वर्षातून एकदा माझा भाऊ दिसतो, तेवढं नको काढून घेऊस, एवढं म्हटलं असतं तर ती पोरगी विरघळली असती. पण नाही. आमच्या या सरोवराकाठच्या, मूळच्या फिनलंडच्या माणसांना जीभ दिली आहे ती कॉफीचा चटका बसायला. रेइनो म्हणाला, "बोलत बसलं की सूप गार होतं," आणि पुन्हा कानस घासू लागला. टेसा खांद्यावर थोपटून निघून गेली.

बारा वाजता जेवणाची हाक देणारा लोखंडी त्रिकोण वाजला. रेइनो जाऊन बसला. वाटाण्याचं सूप, निखाऱ्यांच्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेला घेवडा, राय धान्याचा काळसर पाव, पत्र्याच्या मगात काळा चहा. ओन्नी उशिरा आला. गालफडं बसली होती, कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. हा पुढच्या वर्षी असेल का, असं मनात आलं आणि रेइनोच्या हातातला चमचा थांबला.

ओन्नी बसला. चमचा उचलला. तेवढ्यात शेजारची बाई मुलाला काहीतरी सांगून खळखळून हसली, पलीकडे दोघे हवामानावर बोलू लागले, आणि बघता बघता सगळी पंगत कलकलायला लागली. फक्त हे दोघे गप्प. बंदी असताना ते चारचौघांसारखे दिसायचे. आता सगळ्या पंगतीत उघडे पडले. शेजारची बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. टेसा माइक घेऊन दुसऱ्या टोकाकडून निघाली.

ओन्नीनं ते पाहिलं. चमचा खाली ठेवला, टोपी घेतली आणि काठीवर भार देत उठला. चर्चच्या तळघरात उठला होता तसाच. रेइनोला कळलं की हा आता चालला, आणि पुन्हा यायचा नाही.

तोही उठला. त्याच्या गुडघ्याचा धक्का लागून चहा सांडला. टेसा माइक पुढे करत होती, तो त्यानं हातानं बाजूला सारला.

"ओन्नी," तो म्हणाला, "कडीचं मी बोललो ते चुकलो. तू दोनदा विचारलंस, मी तिला एक दिवस ठेवून घेतलं नाही. तू सहा वर्षं सांभाळलीस. माझ्याकडे असती तर ती पहिल्याच आठवड्यात गेली असती."

आजूबाजूचं बोलणं आपोआप बंद झालं. ओन्नी पाठमोरा उभा होता. टोपी हातातल्या हातात फिरवत होता. रेइनोला वाटलं, संपलं, ऐकूनही हा जाणार. मग ओन्नी वळला. एक हात टेबलावर टेकून, गुडघा सांभाळत, बाकावर पुन्हा बसला. रेइनो आणखी काहीतरी बोलायला लागला, तर त्यानं हात वर केला.

"जेवताना बोलू नये, रेइनो," तो म्हणाला. "आधी जेवून घे."

एकोणीस वर्षांनी त्या तोंडून आपलं नाव ऐकलेला माणूस कसला जेवतोय!