शारव सरांचं निरोगी लिव्हर

आमच्या शारव सरांचं लिव्हर सरांच्या आधी जगप्रसिद्ध झालं. थट्टा नाही करत. सर स्वतः जपानच्या पुढे कधी गेले नाहीत, पण त्यांच्या लिव्हरचा फोटो अमेरिकेच्या मासिकात छापून आला. खाली नाव नव्हतं, नुसतं 'निरोगी नमुना क्रमांक एक'. तो निरोगी माणूस कोण, हे जगात तिघांनाच ठाऊक होतं. सरांना, त्यांचं पित्ताशय कापणाऱ्या सर्जनला आणि मला. सर्जन पुढे वारला.

मी यांजमा. मंगोलियात, उलानबातरच्या आमच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काचेच्या बशीत पेशी वाढवतेय. सर शोध लावतात, बश्या मी धुते.

दोन हजार दोन साली सरांच्या पित्ताशयात खडे झाले. टेबलावर पडल्यापडल्या ते सर्जनला म्हणाले, "आत शिरलाच आहेस तर लिव्हरचा तुकडाही काढ रे. या शहरात निरोगी लिव्हर दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही." ते मात्र खरं होतं. आमच्याकडे दहा माणसं जेवायला बसली की त्यातल्या एखाद्याच्या रक्तात तो काविळीचा 'बी' विषाणू असायचाच, आणि लिव्हरच्या कॅन्सरने कुणी गेलं नाही असं घर दाखवा म्हटलं तर पंचाईत. सरांचं रक्त तपासलं होतं, स्वच्छ निघालं होतं. तरुणपणी कुस्ती खेळलेला माणूस, दारू बेताची, आवाज असा की भिंतीवरचं घड्याळ हलावं. यापेक्षा निरोगी कोण असणार?

मला चिलगोज्याएवढा तुकडा मिळाला. त्यातल्या पेशी मी बशीत लावल्या. निरोगी लिव्हरच्या पेशी बशीत फार टिकत नाहीत, आठ-दहा दिवसांत माना टाकतात, पुस्तकात तसंच लिहिलंय. या मेल्या वाढतच सुटल्या. महिना झाला, वर्ष झालं. मी गोठवून ठेवायचे, बाहेर काढायचे, की पुन्हा वाढायला तयार. सर येणाऱ्याजाणाऱ्याला बशी दाखवायचे, नाव न सांगता, आणि पाहुणे गेले की माझ्या कानाशी म्हणायचे, "घोडा आहे घोडा! आमच्या घराण्याचं रक्तच तसं!" मी काही बोलायचे नाही, कारण मला आतून खात्री होती की ही सगळी माझ्या हातांची करामत. माझ्या हाताला गुण आहे असं मी नवऱ्यालासुद्धा सांगून झालं होतं. पुस्तकात एक लिहिलंय आणि आपल्याकडे भलतंच घडतंय, तर जरा डोकं खाजवावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

आता सरांचा शोध सांगते, घाबरू नका. पेशीच्या आत निरोप जातात. वाढ, थांब, मर. निरोप जातो कसा? एक प्रथिन दुसऱ्याला टपली मारतं, दुसरं तिसऱ्याला. सरांनी त्यातल्या एका टपलीवर उभं आयुष्य काढलं. टपली बसलेली असली की आमच्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. नुसता विषाणू असलेल्यांच्या पट्ट्या आणि नमुना एकची पट्टी आम्ही शेजारीशेजारी लावल्या, तर सारख्याच. कॅन्सरवाल्यांची तेवढी जास्त काळी. सरांनी जाहीर केलं की ही टपली कॅन्सर झाल्यावरच जोर धरते, आजार लवकर ओळखायला तिचा उपयोग शून्य. जगाने मान डोलावली. लवकर ओळखायची चाचणी करायला निघालेल्या दोन-तीन देशांतल्या लोकांनी तो नाद सोडून दिला. सरांना पदक मिळालं आणि ते नाकाने कांदे सोलायला मोकळे झाले.

मग गेल्या हिवाळ्यात उच्राल आली. जपानहून शिकून आलेली पोरगी, बोलणं कमी, हात चलाख, सोबत तिकडच्या लोकांनी दिलेलं पेशींची जनुकं वाचणारं यंत्र. फ्रीझरमधल्या सगळ्या पेशी तिने एकेक करून वाचायला घेतल्या. एका दुपारी माझ्याजवळ येऊन खुर्ची ओढून बसली.

"ताई, हा नमुना एक कुणाचा?"

"का गं?"

"याच्यात बी विषाणू आहे. वरून सांडलेला नाही, माणसाच्या गुणसूत्रातच शिवला गेलाय. कधीकधी तो रक्तात सापडत नाही, लिव्हरमध्ये दडून बसतो. म्हणूनच तर या पेशी इतकी वर्षं मरत नाहीयेत, त्या कॅन्सरच्या वाटेला लागलेल्या आहेत." मग हळूच म्हणाली, "ज्याचा असेल तो अजून जिवंत आहे का?"

पलीकडच्या खोलीत तो जिवंत माणूस फोनवर कुणालातरी झापत होता. मी बोट करून दाखवलं. उच्रालचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी हळहळले, खरं सांगते. आधी सरांसाठी, आणि लगेच मागून माझ्या त्या गुणी हातांसाठी.

आमच्याकडे असल्या आजाराचं आजाऱ्याला सांगत नाहीत. घरच्यांना सांगतात, डॉक्टरसुद्धा. वाईट शब्द तोंडातून काढला की तो ऐकतो आणि घरी येतो म्हणे. सर वर्गात या चालीवर तासभर तोंडसुख घ्यायचे, "आजार त्याचा आणि बातमी मेव्हण्याला! हा काय गाढवपणा!" पण चाल ती चाल. आम्ही दोघी गेलो दोल्गोर वहिनींकडे.

सरांच्या बायकोने खारा दुधाचा चहा ओतला, सगळं ऐकलं, डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "त्याच्या कानावर जाता कामा नये. सागान सार तोंडावर आलाय. नव्या वर्षाच्या सणात कुणी असलं बोलतं का?"

"वहिनी, त्यांचं स्कॅन व्हायला हवं. आज. सण बघत बसला तर..."

"स्कॅन मी करवते. त्याला पत्ता लागू देत नाही."

डोंबल करवलं! "मला एकटीला भीती वाटते, दोघं मिळून तपासून घेऊ," म्हणून वहिनीने त्यांना दवाखान्यात नेलं. सरांनी तिला दारात उतरवलं आणि स्वतः सणाचं मटण घ्यायला बाजारात गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "माझं लिव्हर अमेरिकेने तपासलंय, तुझ्या डॉक्टरने आणखी काय बघायचं?" सण झाला. मेंढीचं अख्खं पुठ्ठं पानात घेऊन सर पाहुण्यांना आरोग्याचे धडे देत होते, आणि मी समोर बसून मांस-मोमो गिळत होते. 

इकडे सर रोज उच्रालला विचारत, "काय गं, नमुना एक वाचलास का?" ती रोज सांगे, "यंत्र बिघडलंय, सर." असे तीन आठवडे. लिव्हरवर आयुष्य घालवलेल्या माणसापासून त्याचंच लिव्हर आम्ही लपवत होतो. रात्री झोप लागत नव्हती मला. आत काही वाढत असेल तर ते काही सण बघून थांबणार नव्हतं.

एका सोमवारी सर बाह्या सरसावून आले. हातात स्क्रूड्रायव्हर. जन्मभर रशियन जीप भर रस्त्यात उघडून दुरुस्त केलेला माणूस!

"बाजूला हो पोरी. जपानी यंत्राला काय शिंगं असतात? बघतो मी."

उच्राल यंत्राला आडवी पडली. "सर, नको! सर, त्याची वॉरंटी जाईल!"

"यांजमा, हिला उचल इथून!"

माझं डोकंच फिरलं. "ठेवा तो स्क्रूड्रायव्हर खाली! यंत्राला धाड भरलेली नाही. विषाणू निघालाय नमुना एकमध्ये. तुमच्यात! बावीस वर्षं आहे आणि आम्ही तीन आठवडे तोंडाला कुलूप लावून बसलोय, कारण तुमच्या बायकोला सण गोड करायचा होता!"

 सरांनी कागद मागितले. उभ्याउभ्या वाचले, पुन्हा वाचले. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "तू दुसऱ्या कुणाच्या पेशी मिसळल्यास. बश्या नीट धूत नसशील."

अठ्ठावीस वर्षं! मी रडले नाही. कापूस लावलेली काडी उचलली आणि म्हटलं, "आ करा."

"काय?"

"तोंड उघडा. गालाच्या आतून पुसून घेते. तुमच्या पेशी आणि नमुना एक वेगवेगळ्या माणसांच्या निघाल्या, तर मी आज नोकरी सोडते. एकाच माणसाच्या निघाल्या, तर तुम्ही आज स्कॅनला जायचं. उद्या नाही, आज."

त्यांनी आ केला. संध्याकाळपर्यंत उच्रालने सांगितलं, माणूस एकच. सर कोट चढवून निघाले, दारात थांबले आणि म्हणाले, "मला माफ कर, यांजमा." त्यांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पण माझा राग उतरला नव्हता, म्हणून मी नुसतं "जा आता" म्हटलं.

तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. कापता येण्यासारखी. आणखी वर्षभराने सापडली असती तर कापता आली नसती, असं आताचा सर्जन म्हणाला. अर्थात वहिनीला बाजूला घेऊनच म्हणाला, सरांना 'बारीकसं काहीतरी' म्हणून सांगितलं. सर कडाडले, "बारीकसं काहीतरी तुझ्या अकलेत आहे! स्कॅन दाखव." दवाखान्यात भरती व्हायच्या आधी त्यांनी अमेरिकेच्या त्या मासिकाला पत्र धाडलं की माझा शोध मागे घ्या, मी बावीस वर्षं आजाऱ्याची तुलना आजाऱ्याशीच करत होतो. पदकवाल्यांनी फोन करून विनवलं, घाई कशाला, जरा थांबा. सरांनी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

गाठ काढली. आता खरं निरोगी लिव्हर हवं होतं. उच्रालने तेही मिळवलं. त्याच आठवड्यात होव्द प्रांतातल्या एका बाईने आपल्या भावाला अर्धं लिव्हर दिलं होतं, त्यातला कणभर तिने आनंदाने आम्हालाही दिला. या वेळी आम्ही रक्त तपासलं, जनुकं वाचली, सगळं केलं. मग मी तीन नमुने शेजारीशेजारी लावले. त्या बाईचा, दोन हजार दोनचा नमुना एक, आणि आत्ताची गाठ.

फिल्म धुऊन उजेडाला धरली. बाईची जागा कोरी. गाठीची पट्टी काळीकुट्ट. आणि नमुना एकचीही चांगली ठसठशीत काळी. टपली कॅन्सरच्या कितीतरी आधीच बसायला लागते. चाचणी होऊ शकत होती, तेव्हाच. सरांचं लिव्हर बावीस वर्षांपूर्वी ओरडून सांगत होतं, आणि आम्ही त्यालाच शांततेचा नमुना म्हणून जगभर मिरवलं.

दवाखान्याच्या जिन्यात वहिनीने मला गाठलं, उच्रालने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. "त्याने तुला फिल्म घेऊन बोलावलंय ना? त्याची जुनी पट्टी फिकी आली म्हणून सांग. यांजमा, पाया पडते तुझ्या. आजार पचवला त्याने. पण हे तेव्हाच कळलं असतं, त्याचं आणि किती लोकांचं, एवढं तरी त्याला कळू देऊ नकोस. जगायचंय त्याला अजून."

आणि काय सांगू, या वेळी मलाही तेच वाटलं. इतरांवर तोंड टाकणारी मी, पायऱ्या चढताना 'फिकी, फिकी' असं घोकत होते.

सर उशीला टेकून बसले होते. निम्मे झाले होते. "दाखव," म्हणाले.

"फिल्म घरी राहिली. फिकी आलीय."

"यांजमा."

पिशवीतून काढून दिली. त्यांनी खिडकीकडे धरली.  मग विचारलं, "तेव्हा मी किती वर्षांचा होतो?"

"एक्केचाळीस."

"तेव्हा कुणी म्हणालं असतं, शारव, तुझं लिव्हर निरोगी नाही, तर मी ऐकलं असतं?"

"छे! त्याला तुम्ही नोकरीवरून काढलं असतं."

ते हसायला लागले. टाक्यांवर हात दाबून हसले, खोकले, नर्स ओरडत आली तरी थांबेनात. आणि हसताहसताच त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे. मीही त्यांचा हात धरून रडले. माझ्या बाजूचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

दोल्गोर वहिनी सूपचा थर्मास घेऊन आत आली आणि आमच्याकडे बघत दारातच थांबली.

"सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हटलं.

तिने थर्मास खाली ठेवला, पलंगावर सरांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दाखव मलापण. कुठली पट्टी याची?"