कारभाऱ्यांनी निसर्ग झाडून घेतला

“निसर्गासारखा वैद्य या भूतलावर दुसरा नाही,” असं प्राचार्यांनी भर सभागृहात जाहीर केलं आणि त्याच दमात शिपायाला खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. बाहेर कुणीतरी कडुनिंबाचा पाला झाडत होतं आणि प्राचार्यांना धुळीची ॲलर्जी होती.

खिडक्या लागल्या. मग पाऊण तास मोकळ्या हवेचे फायदे झाले. मुलांना झोप लागत नाही, डोकं धरतं, निकालाचा धसका बसतो, मोबाइल सुटत नाही. या सगळ्यावर उपाय एकच, दर शनिवारी झाडाखाली वीस मिनिटं गप्प बसायचं. मागच्या रांगेतली दोन पोरं एव्हाना गाढ झोपली होती, त्यामुळे झोपेचा मुद्दा जरा लंगडा पडला.

कारभारी पालकांच्या रांगेत कडेला बसले होते. भाषणाशी त्यांचं काही काम नव्हतं. काम होतं शीतलशी. शीतल त्यांची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, भोकरदनातच मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची. गाव हसनाबाद रस्त्याला, अकरा किलोमीटरवर. पण दिवाळीनंतर ती घरी फिरकली नव्हती. फोन केला की “ठीक हाय आबा” म्हणायची. तिच्या आईने, नंदाबाईंनी, फोन घेतला की “ठीक हाय माय” म्हणायची. तिच्या खोलीतल्या प्रियाने मात्र नंदाबाईंच्या कानावर घातलं होतं की शीतल रात्र रात्र टक्क जागी असते, डबा अर्धा परत जातो आणि निकाल लागल्यापासून तर तिला सकाळी ओढून उठवावं लागतं.

सभेत कारभाऱ्यांना ती लांबून दिसली. तिसरी रांग, खिडकीजवळ. भाषण संपलं तेव्हा ती दुसऱ्या दाराने निघूनही गेली होती.

तेवढ्यात ऋषी सरांनी माईक घेतला. हे मानसशास्त्र शिकवायचे आणि हा सगळा उपक्रम त्यांच्या अंगावर होता. कॉलेजच्या आवारात निसर्ग म्हणून अशोकाच्या सात कुंड्या होत्या, त्यातल्या दोन वाळलेल्या. तेव्हा जवळपासच्या कुणा पालकाने चार शनिवार शेत वापरायला द्यावं, अशी त्यांनी विनंती केली.

कारभाऱ्यांनी हात वर केला. हिशेब सरळ होता. पोरगी बापाच्या नावाने येत नाही, तर निदान कॉलेजच्या नावाने येईल.

ऋषी सर दुसऱ्या दिवशी जागा बघायला आले. जालन्यात वाढलेला शहरी माणूस. झाडांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, पण ते बहुतेक सगळं वाचून झालेलं. विहीर बघितली, मोहोराला आलेला आंबा बघितला, हरभरा बघितला, घराशेजारचं संडास बघितलं आणि समाधान पावले. मग आवाज उतरवून म्हणाले, “साप वगैरे आहेत का इथे?”

“हायेत की,” कारभारी म्हणाले. “किती लागतील?”

सरांनी पायाखालच्या गवताकडे बघितलं. “लागणार नाहीत,” ते म्हणाले.

हे कारभाऱ्यांनी मनावर घेतलं. शुक्रवारी सकाळपासून ते कामाला लागले. बांधावरचं गवत कापून काढलं. घाणेरीची आणि तरवडाची झुडपं उपटून पेटवून दिली. बाभळीच्या फांद्या छाटल्या. मुंग्यांच्या वारुळांवर पावडर टाकली. आंब्यावरचं मोहोळ धूर करून उठवलं. झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे मारले, वाट झाडून सडा घातला आणि मंडपवाल्याकडून वीस लाल खुर्च्या आणून दोन रांगांत मांडल्या.

शेजारच्या शेतातला कचरू बांधावर येऊन उभा राहिला. “कारभारीदा, कोणाची सुपारी फुटून राह्यली?”

“कॉलेजची पोरं येणार हायेत. निसर्ग बघायला.”

“बराबर हाय,” कचरू म्हणाला. “पण हितं जो होता त्याला कुठं धाडलं?”

कारभारी चुन्याचा डबा उचलून पुढच्या झाडाकडे गेले. कचरूच्या शेताकडे सरांनी ढुंकून बघितलं नव्हतं, त्याचा राग असणार.

शनिवारी टेम्पोतून अठरा मुलं उतरली. कारभाऱ्यांनी दोनदा मोजली. शीतल नव्हती.

ऋषी सरांनी पांढरे पट्टे बघितले, राख झालेला बांध बघितला, खुर्च्या बघितल्या आणि मुलांना बसायला सांगितलं. दुसरं काय सांगणार? मुलं अक्षतांची वाट बघत बसावीत तशी बसली. “डोळे मिटा आणि पक्ष्यांचा आवाज ऐका,” सर म्हणाले. पक्षी होते, पण ते कालपासून कचरूच्या शेतात राहायला गेले होते. तेवढ्यात नंदाबाई चहाची किटली घेऊन आल्या आणि त्या सगळ्या शांततेत प्रत्येकाच्या कानाशी वाकून विचारत गेल्या, “बिनसाखरेचा कोणाला लागतो का रं?”

जाताना सरांनी कारभाऱ्यांना बाजूला घेतलं. “तुम्ही खूप केलंत. पण पुढच्या वेळी काहीच करू नका. आहे तसं राहू द्या.”

“पाव्हणे येणार,” कारभारी म्हणाले, “आन आहे तसं?” ही दोन वाक्यं त्यांच्या डोक्यात एका जागी बसेनात. पण सर शिकलेले होते.

दुसऱ्या शनिवारपर्यंत कारभाऱ्यांनी काहीच केलं नाही. हे त्यांना पहिल्या खेपेपेक्षा जड गेलं. मुलं आली, पांगली, जमिनीवर बसली, वीस मिनिटं गप्प राहिली आणि मग हरभऱ्याचा अख्खा वाफा डहाळे उपटून खाऊन गेली. फॉर्मवर सगळ्यांनी ‘मन प्रसन्न झाले’ असं लिहिलं. शीतल तेव्हाही नव्हती.

संध्याकाळी कारभाऱ्यांनी फोन लावला.

“कॉलेजची पोरं येऊन गेली.”

“हं.”

“सरांना आपला बांध पसंत पडला.”

“हं.”

कारभाऱ्यांना विचारायचं होतं की बाई, तू जेवतेस का, झोपतेस का, तुला झालंय तरी काय. तोंडातून निघालं ते भलतंच. “अभ्यास चालू हाय ना?”

फोन बंद झाला.

“तुमाला दुसरं काही इचारताच येत न्हाई का?” नंदाबाई म्हणाल्या.

कारभाऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते. शेताच्या बाबतीत, पाणी दिलं का. पोरीच्या बाबतीत, अभ्यास झाला का. दोन्हीकडे त्यांना वाटायचं की यात सगळं आलं.

सोमवारी ते ऋषी सरांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. “सर, आमच्या शीतलला तेवढी आणा.”

“हा ऐच्छिक उपक्रम आहे,” सर म्हणाले. “मनाविरुद्ध कुणाला शांत करता येत नाही.”

“मनाविरुद्ध आणा असं न्हाई म्हणून राह्यलो मी. पण ती झोपत न्हाई, सर. तिची मैत्रीण सांगत व्हती. मला काही ती सांगायची न्हाई.”

सरांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ खिडकीबाहेरच्या कुंड्यांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की निसर्ग उपक्रमाला अंतर्गत मूल्यमापनात पाच गुण आहेत. मनःशांतीचे पाच गुण! त्या शनिवारी टेम्पो दाटीवाटीने भरला.

शीतल सगळ्यांच्या मागून उतरली. तिचा ड्रेस तिला दोन मापांनी मोठा झाला होता. कारभाऱ्यांसमोर येऊन ती “आबा” एवढंच म्हणाली आणि विहिरीपलीकडच्या आंब्याखाली जाऊन बसली. बाकीची मुलं ओढ्याकडे गेली.

नंदाबाई भाकरी फडक्यात बांधून तरातरा निघाल्या. कारभारी आडवे झाले.

“वीस मिनिटं बोलायचं न्हाई. नियम हाय.”

“माझ्या पोरीशी बोलायला मला नियम? सरका तिकडं.”

“आज ती कॉलेजकडून आल्ये. तू जल्दी केलीस तर पुन्यांदा यायची न्हाई.”

नंदाबाईंनी भाकरी तशीच धरून ठेवली आणि नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की वीस मिनिटं बोलायची गरजच पडली नाही.

ऋषी सरांनी शिट्टी वाजवली तेव्हा ओढ्याकडची मुलं परत आली. शीतल आली नाही. सगळे आंब्याशी गेले. दप्तर उशाला घेऊन, तोंड अर्धवट उघडं टाकून ती झोपली होती.

“उठवायला हवं,” सर कुजबुजले. “फॉर्म भरायचा राहिलाय.”

फॉर्म तिच्या हाताशी पडला होता. कारभाऱ्यांनी उचलला. त्यावर गोल तोंडांची चित्रं होती, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच. बसण्याआधी कसं वाटतंय आणि नंतर कसं वाटतंय, त्या तोंडावर खूण करायची. ‘आधी’च्या रांगेत शीतलने सगळ्यात रडक्या तोंडावर खूण केली होती. मग ती गिरवून गिरवून खोडली होती आणि मधल्या तोंडावर केली होती. ‘नंतर’ची रांग कोरी होती.

कारभारी त्या खोडलेल्या खुणेकडे बघत राहिले. फोनवरचं ‘ठीक हाय’ म्हणजे हे मधलं तोंड होतं तर.

“सर,” ते म्हणाले, “ह्याच्यात झोपलेलं तोंड कोणतं?”

सरांनी फॉर्म हातात घेतला. पाचही तोंडं तपासली. त्यांनी स्वतःच तयार केलेला फॉर्म होता. “नाहीये,” ते म्हणाले.

“मंग कशाला उठवता?”

“अहो, पण मी मोजून आणलेत. चोवीस आणले, चोवीस न्यायला हवेत.”

“तेवीस न्या. एक हितलीच हाय.”

सरांना हे गणित पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं. प्रियाने शीतलची चप्पल उन्हातून उचलून सावलीत ठेवली आणि टेम्पो हॉर्न न वाजवता गेला.

मग कारभाऱ्यांच्या लक्षात आलं की विहिरीवरची मोटर चालू आहे. गव्हाला पाणी चाललं होतं. दिवसाची लाईट आठवड्यातून तीनच दिवस, त्यातला हा शेवटचा. त्यांनी एकदा गव्हाकडे बघितलं, एकदा आंब्याकडे बघितलं आणि जाऊन मोटर बंद केली.

लगेच बांधापलीकडून आवाज आला, “कारभारीदा! लाईट गेली का काय?”

कारभाऱ्यांनी दोन्ही हातांनी त्याला गप्प केलं. कचरू चपला हातात घेऊन, वाकून, चोरासारखा आला. “काय झालं?”

“पोरगी झोपली.”

कचरूने शीतलकडे बघितलं. या खेपेला त्याला काही टोमणा सुचला नाही. तो तसाच वाकून परत गेला आणि थोड्या वेळाने त्याचीही मोटर बंद झाली. आधीच्या कुठल्याच शनिवारी पोरांना जी शांतता मिळाली नव्हती ती आता शिवारभर पसरली आणि फॉर्मवर ती नोंदवायला कुणी नव्हतं.

शीतल उठली तेव्हा ऊन कललं होतं. गालावर दप्तराच्या चेनचा वळ उठला होता. दहा पावलांवर कारभारी तिच्याकडे पाठ करून हरभऱ्यातलं तण काढत होते. त्या जागेत तण उरलं नव्हतं, पण ते काढत होते.

“आबा, किती वाजले?”

“साडेचार असतील.”

“सगळे गेले?”

“गेले.”

मागे दप्तराची चेन उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “आबा, माझे दोन विषय राह्यलेत.”

कारभाऱ्यांच्या ओठांवर तो नेहमीचा प्रश्न आलाच. त्यांनी तो दातांखाली धरला.

“फिजिक्स आन मॅथ्स,” मागून आवाज आला. “तुमाला सांगावं लागंल म्हणूनच घरी आल्ते न्हाई. रोज ठरवायची, आज सांगते. मंग झोपच यायची न्हाई.”

“वीस मिनिटं बोलायचं न्हाई,” कारभारी म्हणाले. “उठल्यापासून मोजायची.”

मागे ती हसली का रडली, ते त्यांना कळलं नाही, कारण पाठ होती, आणि वळून बघायचा धीर होईना. दोघं तशीच बसली. गव्हाच्या दंडातलं पाणी केव्हाच जिरून गेलं होतं. हातात घड्याळ कुणाच्याच नव्हतं.

“आबा, झाली बरं का वीस मिनिटं.”

“झाली?”

“कव्हाच.” ती येऊन त्यांच्या शेजारी टेकली. “मी सोमवारी जाते. उद्याच्याला राहते.”

कारभाऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. मधलं तोंड नव्हतं, एवढं त्यांना कळलं. गेले तीन आठवडे शेतात एकट्याने फिरताना त्यांनी एक मोठं बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं. विषय राहतात म्हणजे काय, माणूस राहिला पाहिजे, बाप कशासाठी असतो, असं बरंच काही. त्यांनी हात झटकले, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

“शीतल, आयुष्यात माणसानं...”

“शीतल!” घराकडून नंदाबाईंची हाक आली. “उठलीस का गं? येताना चार कढीपत्त्याची पानं तोडून आण. वरची तोड, खालची शेळीनं खाल्लीत.”